मोरबाथचें देऊळ आणि त्याची हिशेबाची चोपडी

महोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मग्रामस्थांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरु बोलावयास उभा राहिला म्हणजे तो काय बोलणार हें बहुधा ठरलेलें असतें. देवळाचा पाया कधीं घातला, घंटा कोणीं दिली, वेदी कोणत्या सालीं बसविली आणि कोणकोणते धर्मगुरु येथें होऊन गेले यांची यादी तो वाचतो. लोक आपापल्या आज्यापणज्यांचीं नांवें ऐकून संतोष पावतात, आणि सभा आटोपते. ती यादी या पुस्तिकेंत अन्यत्र छापलेलीच आहे. तेव्हां तिची पुनरुक्ति न करितां आज आम्ही तुम्हांस एका परक्या देशांतील खेड्याची व त्याच्या देवळाची हकीकत सांगणार आहों. त्या खेड्यांत कोणी संत जन्मास आला नाहीं, कोणतीही मोठी लढाई झाली नाहीं, आणि कोणा राजानें तेथें मुक्काम केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. असें असूनही चार-पांचशें वर्षांपूर्वींच्या त्या गांवचीं माणसें आज आपणांस शेजाऱ्यांइतकीं ओळखीचीं होऊं शकतात. याचें कारण एकच: तेथील धर्मगुरूनें देवळाचा जमाखर्च नीट लिहून ठेविला.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन म्हणून एक परगणा आहे. त्याच्या उत्तर सीमेपाशीं, एक्समूर नांवाच्या उजाड माळरानाच्या दक्षिण कडेस, मोरबाथ हें खेडें वसलें आहे. त्या प्रांताचें मुख्य शहर व बिशपांचें पीठ जें एक्झिटर, तें तेथून सुमारें २५ मैलांवर. जमीन चढउताराची, पाऊस फार, शेती बेताची. म्हणून लोकांचा मुख्य आधार मेंढरांवर व लोंकरीवर. सोळाव्या शतकाच्या आरंभीं या गांवांत अवघीं ३३ घरें होतीं. आपल्याकडील एखादी मोठी आळीही याहून दाट असेल. परंतु या ३३ घरांचें मिळून एक देऊळ होतें. तें संत जॉर्जच्या नांवें अर्पण केलेलें असून मध्ययुगांत बांधलेलें होतें. आंत मुख्य वेदीच्या अलीकडे लांकडी सज्जा, त्यावर क्रूसावरील प्रभूची मोठी मूर्ति व तिच्या दोन बाजूंस पवित्र मरिया व संत योहान. खालीं बाजूच्या वेद्या, आणि ठिकठिकाणीं संतांच्या मूर्ति व त्यांपुढें जळणाऱ्या मेणबत्त्या. त्या काळच्या इंग्लंडांत अशीं देवळें हजारों होतीं.

इ. स. १५२० सालीं या गांवीं ख्रिस्तोफर ट्रिकी नांवाचा धर्मगुरु आला. तो त्याच परगण्यांतील कल्मस्टॉक गांवचा. आल्या वर्षापासून त्यानें देवळाच्या कारभाऱ्यांचे हिशेब स्वतःच्या हातानें लिहावयास आरंभ केला. कारभारी शेतकरी असत. लिहिणें हें त्यांचें काम नव्हे. म्हणून धर्मगुरु लिही, आणि वर्षाच्या ठराविक दिवशीं गांव जमला म्हणजे तें सर्वांसमक्ष वाचून दाखवी. कोणीं किती दिलें, कोणाकडे किती येणें राहिलें, मेण कितीचें घेतलें, घंटेच्या दोरास काय पडलें, कोणाच्या गोठ्यांतलें देवळाचें मेंढरूं मेलें आणि कोणतें चुकलें, हें सर्व त्या वहींत आहे. ती कोणा साहेबाच्या दप्तरासाठीं लिहिली नव्हती. ती गांवाच्या कानांसाठीं लिहिली होती. म्हणूनच तिच्यांत आंकड्यांबरोबर माणसांचा आवाज उतरला आहे. ही वही १९०४ सालीं प्रथम छापली गेली, आणि २००१ सालीं केंब्रिजचे कॅथलिक इतिहासकार ईमन डफी यांनीं तिच्या आधारानें ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ हा ग्रंथ लिहिल्यावर तिचें महत्त्व साऱ्या जगास कळलें.

आतां या देवळाचा खर्च कसा चाले तें ऐका. कारण त्यांतच आजच्या विषयाचें मर्म आहे. देवळांतील प्रत्येक दिव्याचें व प्रत्येक मूर्तीचें एक वेगळें भांडार असे. संत जॉर्जचें भांडार, पवित्र मरियेचें भांडार, संत अँथनीचें, संत सिडवेलचें, मृतांसाठीं जळणाऱ्या दिव्याचें. त्याखेरीज गांवांतील तरुणांचें एक आणि कुमारिकांचें एक. कांहीं भांडारांचें भांडवल म्हणजे मेंढरें. देवळाला स्वतःचें कुरण नव्हतें. एखादें मेंढरूं या शेतकऱ्याच्या कळपांत, दुसरें त्या शेतकऱ्याच्या कळपांत, असें वांटून दिलेलें असे. ज्याच्या कळपांत तें असेल त्यानें तें आपल्याबरोबर चारावें, आणि लोंकर उतरली म्हणजे तिचे पैसे देवळास द्यावे. अशा रीतीनें पवित्र मरियेपुढील मेणबत्ती ही डोंगरावरील अनेक घरांच्या गोठ्यांतून जळत होती असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

कारभारीपण घरांच्या पाळीनें येई. श्रीमंताच्या घरीं येई तसें गरिबाच्याही. आणि घरांत कर्ता पुरुष नसेल तर तें विधवा बाईकडेही येई. तरुण मुलगे व मुली आपापल्या भांडाराचे कारभारी आपणच असत, पैसे आपणच गोळा करीत आणि वर्षाअखेर गांवापुढें हिशेब आपणच देत. पंधरा-वीस वर्षांचीं मुलें देवळाचा पैसा कसा राखावा हें अशा प्रकारें करून शिकत. देवळाच्या शेजारीं देवळाचें एक घर होतें. तेथें वर्षांतून ठराविक वेळीं यवांची बीर गाळून गांवजेवण होई, शेजारच्या गांवचे लोक येत, आणि त्याचा नफा देवळाच्या खर्चास लागे. मनोरंजन, शेजारधर्म व देवपूजा यांच्यामध्यें भिंत नव्हती. आपल्याकडे फेस्ताच्या दिवशीं जें आपण पाहतों तेंच हें.

संत सिडवेल ही कोण, असें तुम्ही विचाराल. ही एक्झिटरची स्थानिक कुमारी व रक्तसाक्षी. सावत्र आईच्या सांगण्यावरून कापणी करणाऱ्यांनीं विळ्यानें तिचा शिरच्छेद केला अशी तिची कथा आहे. धर्मगुरु ट्रिकी यास तिची फार भक्ति. गांवीं येतांच त्यानें तिची मूर्ति बसविली व तिला सोनेरी मुलामा देण्यास स्वतःचे पैसे दिले. मोरबाथच्या लोकांस ही संत प्रथम नवीन होती. पण पुढें त्यांनीं मरतेवेळीं तिला आपल्या जपमाळा ठेविल्या, तिच्या पायांत रुप्याचा जोडा घातला, आणि आपल्या मुलींस तिचें नांव ठेविलें. एका धर्मगुरूची खासगी भक्ति वीस वर्षांच्या आंत साऱ्या गांवाची कशी होते, याचें यापेक्षां स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

या संतेच्या पायींचा तोच रुप्याचा जोडा पुढें चोरीस गेला. १५३४ सालीं एका रात्रीं एक चोर शिडी लावून देवळाच्या बुरुजांतून आंत उतरला व त्या जोड्याबरोबर मिस्सेचें पवित्र पात्रही घेऊन गेला. पात्र नाहीं तर मिस्सा कशी व्हावी? गांव गरीब, सर्वांवर पट्टी बसविली असती तर कुरकुर झालीच असती. अशा वेळीं गांवांतील तरुण मुलगे व मुली आपण होऊन एकत्र आलीं. त्यांनीं आपल्या भांडारांतून व आपसांतल्या देणग्यांतून नवें पात्र विकत आणिलें, आणि गांवावर एका पैशाचाही भार पडूं दिला नाहीं. ट्रिकी यानें ही गोष्ट ज्या अभिमानानें वहींत नोंदविली आहे ती वाचून कोणाही धर्मगुरूचें मन भरून यावें. ज्या मुलांस देवळाचा पैसा सांभाळावयास दिला होता, त्यांसच देवळाची उणीव आपली वाटली, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु मोरबाथचे लोक देवदूत होते असें कोणीं समजूं नये. त्याच वर्षांत देवळाच्या सेवकास वेतन कोणीं व किती द्यावें यावरून गांवांत मोठा तंटा माजला. कांहीं घरांनीं आपला वांटा देण्याचें साफ नाकारिलें. वाद कित्येक वर्षें चालला, धर्मगुरु मध्यें पडला, आणि अखेरीस १५३६ सालीं सर्वांच्या संमतीनें वांटणी ठरून ती वहींत लिहिली गेली. आमच्या मतें ही नोंद त्या पात्राच्या नोंदीइतकीच मोलाची आहे. ज्या गांवांत भांडण होतच नाहीं तेथें बहुधा कोणास कशाची पर्वा उरलेली नसते. भांडण होऊन समेट होतो तेथें धर्मग्राम जिवंत असतो.

आतां दिवस पालटले. १५३४ सालीं राजा आठवा हेन्री यानें रोमच्या पोपांची सत्ता झुगारून स्वतःस इंग्लंडच्या धर्मसभेचा प्रमुख म्हणविलें. त्यानंतर मठ मोडण्यास आरंभ झाला. मोरबाथपासून थोड्याच मैलांवर बार्लिंच येथें संत आगस्तीनच्या नियमाचा एक छोटा मठ होता. मोरबाथची जमीनदारी त्याच्याकडे होती. तोही मोडला. त्या मठाची एक रंगीत कांचेची खिडकी १५३७ सालीं मोरबाथच्या देवळांत आणून बसविण्यांत आली. शेजाऱ्याचें घर पडलें म्हणजे त्याची एखादी चौकट आपल्या भिंतींत बसवावी, तसेंच हें झालें. १५३८ सालीं राजाच्या मंत्र्याचा हुकूम सुटला कीं, संतांच्या मूर्तींपुढें मेणबत्त्या लावूं नयेत. दिवे विझले, पण ज्या दिव्यांसाठीं भांडारें होतीं ते दिवेच गेल्यावर भांडारांचें काय प्रयोजन उरलें? एकेक करून तीं क्षीण होऊं लागलीं.

या काळांतील एक गोष्ट आम्हांस विशेष हृदयस्पर्शी वाटते. मृतांच्या मिस्सेसाठीं लागणारीं काळीं वस्त्रें मोरबाथच्या देवळांत नव्हतीं. तीं आणावीं अशी धर्मगुरु ट्रिकी याची आल्यापासूनची इच्छा. देवळाच्या मेंढरांच्या लोंकरीवर धर्मगुरूचा जो हक्काचा दशांश, तो त्यानें या कामास सोडून दिला, आणि वीसांहून अधिक वर्षें तो थोडे थोडे पैसे सांचवीत गेला. कोणी मरतांना यासाठीं कांहीं ठेवी, तेंही तो जपून नोंदवी. अखेरीस १५४७ सालीं तीं काळीं वस्त्रें मोरबाथच्या देवळांत आलीं. त्याच वर्षीं जानेवारींत हेन्री राजा मरण पावला, त्याचा अल्पवयीन पुत्र सहावा एडवर्ड गादीवर बसला, आणि त्याच्या मंत्र्यांनीं मृतांसाठीं होणाऱ्या प्रार्थनांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा केला. मूर्ति काढून टाकण्याचे हुकूम निघाले. वीस वर्षें जीं वस्त्रें जमविलीं, तीं अंगावर घालण्याची मुभा थोड्याच दिवसांत संपली. प्रिय हो, आपल्या माणसांस शुद्धिस्थानांत एकटें सोडूं नये एवढ्याचसाठीं जो माणूस दोन तपें पैसा पैसा सांचवितो, त्याच्या मनाला त्या दिवशीं काय वाटलें असेल? वहींत त्यानें आपलें दुःख लिहिलें नाहीं. त्यानें आंकडे लिहिले.

१५४८ सालापर्यंत मोरबाथचें देऊळ जवळजवळ रिकामें झालें होतें. भांडारें बंद झालीं. सरकारी अधिकारी येऊन नेण्यापूर्वीं मेंढरें विकून टाकिलीं गेलीं. गांवजेवणें थांबलीं, देवळाचें घर भाड्यानें दिलें गेलें. वस्त्रें व इतर वस्तु विकल्या गेल्या किंवा लोकांच्या घरीं गेल्या. हीच गोष्ट तुमच्या मनावर ठसावी अशी आमची इच्छा आहे. देवळाची भिंत कोणीं पाडिली नाहीं. परंतु ज्या सामायिक कामांनीं तीं ३३ घरें एकमेकांस व देवळास बांधलेलीं होतीं, तीं कामें नाहींशीं झालीं. पूर्वीं माणूस आपल्या खुषीनें देत असे. पुढें खर्च भागविण्यास घरांवर पट्टी बसवावी लागली. पूर्वीं तरुण मुलें आपला हिशेब आपण देत. आतां त्यांना हिशेब देण्याजोगें कांहीं उरलें नाहीं.

१५४९ सालीं पेंटेकॉस्टच्या सणापासून लॅटिन मिस्सेच्या ऐवजीं इंग्रजी प्रार्थनापुस्तक सर्व देवळांत वापरावें असा कायदा अंमलांत आला. तो सण ९ जून रोजीं पडला. दुसऱ्याच दिवशीं डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टनी गांवच्या लोकांनीं आपल्या धर्मगुरूस पूर्वींचीं वस्त्रें घालून जुनी मिस्सा करावयास लाविलें, आणि वणवा पेटावा तसा उठाव पसरला. कॉर्नवॉल व डेव्हनचे शेतकरी प्रभूच्या पांच जखमांचा ध्वज पुढें करून एक्झिटरवर चालून आले. २ जुलैपासून ६ ऑगस्टपर्यंत त्यांनीं त्या शहरास वेढा घातला होता. मिस्सा पूर्वींसारखी व्हावी, पवित्र साक्रामेंत वेदीवर ठेवावें, मृतांसाठीं प्रार्थना व्हाव्या, मूर्ति परत बसवाव्या, ह्या त्यांच्या मागण्यांतील प्रमुख होत्या.

मोरबाथच्या वहींत या वर्षाखालीं एक नोंद आहे. गांवांतील पांच तरुणांस एक्झिटरच्या वेशीबाहेरील सेंट डेव्हिड्स डाउन येथील छावणींत पाठविलें, आणि त्यांच्या शस्त्रांस व वाटखर्चीस गांवानें पैसे दिले. ही छावणी बंडवाल्यांची होती. ही नोंद एरवीच्या जमाखर्चाच्या ओळींत, मेणाच्या व दोराच्या खर्चाइतक्याच शांतपणें लिहिलेली आहे. तिचा खरा अर्थ डफी यांनीं उलगडून दाखविला. ज्या गांवानें आजवर राजाचा प्रत्येक हुकूम मुकाट्यानें पाळिला, त्यानें आपल्या ३३ घरांतून पांच मुलगे राजाविरुद्ध पाठविले, आणि तेंही चोरून नव्हे, देवळाच्या पैशांतून. उठावाचा शेवट फार भयंकर झाला. राजाच्या सैन्यांत परदेशी भाडोत्री शिपाई होते. क्लिस्ट सेंट मेरी व सॅम्पफर्ड कोर्टनी येथील लढायांत व त्यानंतर हजारों शेतकरी मारिले गेले. एक्झिटरजवळील सेंट थॉमस येथील धर्मगुरु रॉबर्ट वेल्श यास मिस्सेच्या वस्त्रांसकट त्याच्याच देवळाच्या बुरुजावरून फांशीं दिलें. बंड करणें योग्य होतें कीं नाहीं हा विचार आज आम्ही करीत नाहीं. तलवारीनें श्रद्धा राखितां येत नाहीं हें प्रभूनेंच पेत्रास सांगितलें आहे. परंतु त्या पांच मुलांच्या आयांचें स्मरण येथें केल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

१५५३ सालीं एडवर्ड मरण पावला व त्याची कॅथलिक बहीण मेरी गादीवर आली. मिस्सा परत सुरू झाली. तेव्हां मोरबाथमध्यें काय घडलें? ज्या वस्तु नाहींशा झाल्या असें सरकारास वाटत होतें, त्या एकामागून एक घरांतून बाहेर येऊं लागल्या. कोणी मूर्तीचा तुकडा, कोणी रंगविलेलें कापड, कोणी पुस्तक, कोणी वस्त्र, असें जें जें लपवून ठेविलें होतें तें तें देवळास आणून दिलें. ट्रिकी यानें त्या प्रत्येकाची नोंद समाधानानें केली आणि लोकांनीं चांगुलपणा राखिला अशी साक्ष दिली. पांच-सहा वर्षें त्या गरीब शेतकऱ्यांनीं गवताखालीं, माळ्यावर, पेटाऱ्यांत आपलें देऊळ लपवून ठेविलें होतें. बाहेरून पाहणारास मोरबाथनें सर्व सोडिलें असें वाटलें असतें. आंत पाहणाऱ्या देवास खरें ठाऊक होतें.

पण हा प्रकाश थोडाच टिकला. १७ नोव्हेंबर १५५८ रोजीं मेरी राणी निवर्तली. १५५९ सालीं एलिझाबेथच्या राज्यांत मिस्सा पुन्हां बंद झाली व इंग्रजी प्रार्थनापुस्तक पुन्हां आलें. धर्मगुरु ट्रिकी आतां म्हातारा झाला होता. त्यानें नवी रीति स्वीकारिली, पूर्वींच्याच काळजीनें हिशेब लिहीत राहिला, आणि १५७४ सालीं, ५४ वर्षें एकाच गांवाची सेवा करून, मोरबाथ येथेंच मरण पावला.

आतां सर्वांत कठीण प्रश्न. या माणसास काय म्हणावें? चार राज्यकर्त्यांच्या अमदानींत तो चार वेळां वळला. त्यास भित्रा म्हणणें सोपें आहे. आणि आम्हांस, ज्यांच्या दारीं राजाचा शिपाई उभा नाहीं त्यांस, तर फारच सोपें आहे. त्याच डेव्हन परगण्यांत कथबर्ट मेन नांवाचा एक तरुण होता. तो प्रथम नव्या पंथाचा पाळक झाला. पुढें कॅथलिक होऊन समुद्रापलीकडे डूए येथील सेमिनरींत गेला, १५७५ सालीं त्यास दीक्षा मिळाली, तो गुप्तपणें इंग्लंडांत परतला, आणि नोव्हेंबर १५७७ मध्यें लॉन्सेस्टन येथें त्यानें श्रद्धेसाठीं प्राण दिला. १९७० सालीं पवित्र धर्मसभेनें त्यास संत म्हणून घोषित केलें. म्हाताऱ्या ट्रिकीच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनीं, त्याच प्रांताच्या एका मुलानें, जें ट्रिकीस देतां आलें नाहीं तें दिलें.

आणि आणखी एका इंग्रजाची आठवण येथें केलीच पाहिजे. कारण त्याचें ऋण आपण मराठी बोलणारे ख्रिस्ती कधीं फेडूं शकणार नाहीं. ज्या १५४९ च्या सुमारास मोरबाथचीं पांच मुलें एक्झिटरकडे चालत गेलीं, त्याच सुमारास डेव्हनपासून फारसें दूर नसलेल्या विल्टशायर परगण्यांतील एका खेड्यांत एक बालक जन्मास आलें. मायदेशीं मिस्सा बंद. म्हणून तो तरुणपणीं रोमला गेला, १५७५ सालीं येशूसंघांत शिरला, आणि १५७९ सालीं गोव्यास उतरला. तोच आपला फादर थॉमस स्टीफन्स. साष्टीच्या खेड्यांतून त्यानें चाळीस वर्षें सेवा केली, आणि १६१६ सालीं त्याचें ख्रिस्तपुराण छापून झालें. मोरबाथसारख्या गांवीं जो दिवा विझविला, त्याच देशांतील एका ठिणगीनें मराठी भाषेंत दिवा लागला. देवाच्या हिशेबाच्या वहींत खर्चाच्या बाजूस लिहिलेलें कोणत्या देशांत, कोणाच्या नांवें जमा होईल हें सांगतां येत नाहीं.

मग ट्रिकीचें काय? आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. त्यानें कळप सोडिला नाहीं ही त्याची थोरवी. आणि ज्या वाड्यांत त्यास तो कळप सोंपविला होता त्या वाड्यांतून तो पाऊल पाऊल बाहेर जाऊं दिला, ही त्याची उणीव. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनें दुसरी पुसली जात नाहीं. संत मेन याचा मान राखण्यास ट्रिकीचा तिरस्कार करण्याची गरज नाहीं. शेवटचा हिशेब ज्याच्यापुढें वाचला जातो त्यानें तो पांच तरुणांच्या वाटखर्चीसह व काळ्या वस्त्रांसह ऐकिला असेल. ट्रिकीनें दुसऱ्यांच्या मृतांसाठीं वीस वर्षें पैसे सांचविले. आज आपण त्याच्या आत्म्यासाठीं एक प्रार्थना म्हणूं शकतों.

मोरबाथचें तें देऊळ अजून उभें आहे. एकोणिसाव्या शतकांत त्याची मोठी दुरुस्ती झाली. बुरुजावरील हल्लींचें दुपाखी छप्पर त्या वेळचें. आज तें इंग्लंडच्या धर्मसभेचें, म्हणजे आपल्या विभक्त बंधूंचें, उपासनास्थान आहे. त्यांच्याविषयीं आपल्या मनांत प्रेमावांचून दुसरें कांहीं नसावें. ज्या भिंतींत ते प्रार्थना करितात त्या आपल्या व त्यांच्या एकाच पूर्वजांनीं बांधिल्या.

या हकीकतींतून आम्ही तुमच्यापुढें तीन गोष्टी ठेवितों. पहिली, हिशेब. देवळाचा पैसा हा देवाचा पैसा. तो लिहिला जावा आणि लोकांपुढें वाचला जावा. जो धर्मगुरु किंवा जो कारभारी हिशेब वाचण्यास कंटाळतो, तो पुढच्या पिढीची स्मृति बुडवितो. या महोत्सवाच्या निमित्तानें ज्यांच्या घरीं देवळाच्या जुन्या चोपड्या, पावत्या किंवा छायाचित्रें असतील त्यांनीं तीं पेटाऱ्यांतून बाहेर काढावीं. मोरबाथच्या शेतकऱ्यांनीं तेंच केलें.

दुसरी गोष्ट, तरुण मंडळी. आपलीं मुलें शिकतात, शहरांत नोकरीस जातात, परदेशीं जातात. त्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाहीं. परंतु जीं मुलें येथें आहेत त्यांच्या हातीं आपण काय देतों? फेस्ताच्या दिवशीं पताका बांधावयास आपण त्यांस बोलावितों, आणि पैशाची गोष्ट निघाली कीं त्यांस बाहेर बसवितों. मोरबाथनें आपल्या मुलामुलींच्या हातीं भांडार दिलें होतें. म्हणून चोरी झाली त्या वेळीं पवित्र पात्र त्यांनीं आणिलें. ज्यास कांहीं सोंपविलेलें नाहीं, त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करणें व्यर्थ होय.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपणांस मिस्सा बंद करणारा राजा नाहीं. आपल्या देवळाच्या दारावर कोणाचा हुकूम लागलेला नाहीं. तथापि ज्या गोष्टींनीं मोरबाथचा धर्मग्राम सैल पडला, त्या हुकुमावांचूनही घडूं शकतात. आपला वांटा कोणी दुसऱ्यानें द्यावा, आपली पाळी कोणी दुसऱ्यानें करावी, आजाऱ्याच्या घरीं कोणी दुसऱ्यानें जावें, असें प्रत्येक घर म्हणूं लागलें म्हणजे भांडारें आपोआप बंद होतात, आणि मेंढरें कोणीं विकलीं हेंही कोणास कळत नाहीं. तेथें छळ झाला, आणि तरीही लोकांनीं घरांत देऊळ लपवून ठेविलें. येथें छळ नाहीं. आपण देवळांत घर लपवून ठेवूं नये, म्हणजे आपल्या घराच्या सबबी सांगून देवळाचें काम टाळूं नये, एवढीच आमची विनंति.

आज ज्यांनीं हें देऊळ बांधिलें, ज्यांनीं वाळू व दगड डोक्यावरून वाहिले, ज्यांनीं अर्धपोटीं राहून विटेचे पैसे दिले, ते बहुतेक सारे आपल्या शेजारच्या सिमितरींत विसांवा घेत आहेत. त्यांची नांवें वहींत असोत वा नसोत, प्रभूच्या वहींत तीं आहेत. त्यांच्यासाठीं, मोरबाथच्या त्या ३३ घरांसाठीं, त्या पांच तरुणांसाठीं, संत जॉर्जच्या देवळाच्या त्या म्हाताऱ्या धर्मगुरूसाठीं, आणि ज्या देशानें आपणांस फादर स्टीफन्स दिला त्या देशांतील सर्व ख्रिस्ती जनांच्या ऐक्यासाठीं आपण आतां उभे राहून एक आमच्या बापा व एक नमो मरिया म्हणूं या. पवित्र मरिया, जिच्यापुढील दिवा डोंगरावरच्या गरिबांनीं आपल्या लोंकरीनें तेवत ठेविला, ती आपल्या धर्मग्रामाचें रक्षण करो. आमेन.